धावदोरा

कुणी आडवं केलं नव्हतं. हे आधी सांगून टाकते,
कारण बातमी खडकी बाजारात पोचेस्तोवर
रोझलिननं मुद्दाम पाय घातला होता.
त्या बिचारीचा धक्काही लागला नव्हता.
बुधवारचा साधा सराव. बॉल उजवीकडे, मी उजवीकडे,
बुटाचे खिळे मातीत रुतलेले.
मी वळले आणि गुडघा वळला नाही.

अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज.
मुदलियार सरांनी तो पार टचलाइनवरून ऐकला.
शिट्टी तोंडातच होती,
पण वाजवली नाही त्यांनी.

कर्वे रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टरांनी एमआरआय खिडकीच्या उजेडात धरला.
"इथं एक दोर असतो," म्हणाले.
इथं धुकं होतं.
"खेळता येईल?"
"चालता येईल. जिना चढता येईल. स्कूटर तर—"
"खेळता?"
"शंभरातल्या साठ-पासष्ट जणी परत येतात. नऊ महिने धर. वर्ष धर."
"आणि बाकीच्या?"
पेनाला टोपण लावत म्हणाले,
"बाकीच्या छान जगतात."

माझ्याच मांडीमागचा धागा काढून
माझ्याच गुडघ्यात ओवला.
आईला हे लगेच समजलं:
"म्हणजे परकरात नाडी घालतात तसं."
ती ब्लाऊज शिवते. टेप तिच्या गळ्यातच असते.
दर रविवारी ती मला उभी करते, मापं घेते, आणि वहीत,
पिंटोबाईंची बाही आणि कांबळे वहिनींची कंबर
यांच्या मधल्या जागेत लिहिते:
हर्षाली. डावी मांडी एकोणीस. उजवी साडेसोळा.
अडीच इंच कुठं गेले, ते विचारत नाही.

टाच गादीवरून सरकव. अजून. अजून थोडी.
अस्मा मॅडमकडे कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ आहे.
त्र्याऐंशी.
सत्त्याऐंशी.
नव्वदला मी अशी शिवी दिली
की पडद्यापलीकडचे खांदेवाले आजोबा "वा!" म्हणाले.

मांडी घालायची नाही, म्हणून जेवायला मी खुर्चीवर
आणि बाबा खाली, भिंतीला टेकून.
त्यांचं टाळूवरचं विरळ झालेलं मला असं कळलं.

मग तिसऱ्या महिन्यात दुखायचंच थांबलं.
जिना मी दोन-दोन पायऱ्या चढले, कुणी बघत नसताना.
रोझलिन पहिल्यांदा गुडघ्याकडे बघून बोलली: "झालीस की बरी!"
अस्मा मॅडमनी मात्र खुर्ची ओढली.
"आता जपायचं. ओवलेला धागा आत मरतो,
मग शरीर त्याच्यावर नवं विणायला घेतं.
सध्या जुनं गेलंय आणि नवं आलेलं नाही.
तुला वाटेल पक्की आहे."

घरी सांगितलं तर आई दातात सुई धरूनच म्हणाली,
"धावदोरा."
म्हणजे अंगात घालून बघायचं, पण
हात वर करायचा नाही.

पोटुशी बाईचं माप ती पेन्सिलीनं लिहिते, बदलणार म्हणून.
परवा वही चाळली. माझी सगळी मापं पेन्सिलीनं.
साडेसोळा. सोळा. (तो आठवडा मी उठलेच नव्हते.)
पावणेसतरा. सतरा. सतरा. सतरा.

काल सरांनी माझी अकरा नंबरची जर्सी पाठवली, धुतलेली, घडी घातलेली.
पहिल्या वर्षाची कुणी पोरगी आहे, हडकुळी,
बाजूनं थोडी आत घ्यायची होती.
आईनं मशिनवरचं झाकण काढलं, दोरा लावला,
पायडलवर पाय ठेवला, आणि
किती घेऊ, म्हणून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, मशिन नको.
हातानं घे. धावदोरा घाल.
उसवता आला पाहिजे.